गोकर्णीची अकरा फुलं

फूल वाळवायला अक्कल लागत नाही, असं माझं मत होतं. म्हणूनच ते काम मी अंगावर घेतलं.

आमची माय गेली तेव्हा धाकटी बहीण यमुना बालाघाटला सासरी ओली बाळंतीण होती. तिला मायचं तोंडही पाहता आलं नाही. तिची चिठ्ठी आली : "दादा, मायनं कुंपणावर लावलेल्या गोकर्णीची फुलं वाळवून ठेव. मले दुसरं काही नाही पाहिजे."

फुलं टीपकागदात दाबून वाळवतात, हे मी शाळेत शिकलो होतो. आमच्या सौंदड गावात टीपकागद कुठला? पण बाबा घरी बिड्या वळायचे, त्यामुळे तेंदूची पानं रग्गड. पानांच्या एका पुड्यात मी अकरा निळी फुलं एकेक करून ठेवली, सुतळीने आवळली आणि वर मसाल्याचा पाटा ठेवला. (पाटा ठेवताना अंगठा चेचला. तो दुखवट्याचाच भाग धरावा.)

त्या कौतुकात म्हैस बांधायची राहिली. सकाळी कुंपणावर नुसते बांबू!

"आता जे हाये ते पाट्याखालीच हाये, अजी," बायको शांता म्हणाली. "तेवढं तरी जपा."

मी जपलं. बाबांना मात्र बोललो नाही. मायचं नाव निघालं की ते उठून परसात जात. आठव्या दिवशी शांताला वाटण वाटायचं होतं, म्हणून मी पुडा काढून अगदी सुरक्षित जागी ठेवला. पानांच्या बाकीच्या पुड्यांवर.

बिडी वळायच्या आधी पान भिजवावं लागतं, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

दोन दिवसांनी यमुना आली. लेकरू शांताकडे देऊन म्हणाली, "दादा, फुलं?"

मी ऐटीत आत गेलो आणि तसाच बाहेर आलो. "बाबा, वरचा पुडा कोठी गेला?"

"भिजवला. वळला बी." बाबांची नजर अधू. त्यांनी हात पुढे केले. "पण पानं अवंदा अशी काऊन निघाली? बोटं निळी होऊन राहिली पाहा."

यमुनेनं ती बोटं पाहिली. मला काही सांगावं लागलं नाही.

"दादा, फुलं वाळवाले सांगतली होती. वळाले नाही."

मग बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी कानावरची बिडी काढून हळूच सुपात ठेवली.

"तिले बिडीचा वास सहन होत नव्हता," ते म्हणाले. "मले जन्मभर ओसरीवर बसवलं तिनं." आणि माय गेल्यावर पहिल्यांदाच ते आमच्यासमोर रडले.

यमुनेनं सूप चाळून एक बिडी शोधली. तिच्या टोकाशी निळी पाकळी चिकटली होती. ती पदराच्या गाठीत बांधून घेऊन गेली.

पुढे तिच्या सासूला पेटीत बिडी सापडली. यमुना एवढंच म्हणाली, "मायची हाये."

त्या घरात आजही आमची माय बिडी ओढणारी बाई आहे. खुलासा करायचा तर मी फुलं कशी वाळवली ते सांगावं लागेल. म्हणून मी गप्प बसतो, आणि माय बिचारी बालाघाटात बिडी ओढत राहते.