पुढं कान लावणारे बाळारामदादा

ट्रक गॅरेजमध्ये आला की बाळारामदादा आधी काही विचारत नसत. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या पुढच्या कव्हरवर, म्हणजे झडपांची वेळ जुळवणाऱ्या दातेरी चाकांच्या झाकणावर, टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. तेवढ्यात कुणाला शिंक आली तर ती त्यानं बाहेर जाऊन द्यायची. मग निकाल लागे, "टायमिंगचं गिअर पुढं, गारीचा जीव पुढं. मी ऐकलाय ना, मंग झालं!"

उरणच्या आम्हा कंटेनरवाल्यांना हा निकाल कोर्टापेक्षा मोठा वाटे. माझे दोन्ही ट्रक त्यांच्याच भरवशावर धावत. पण असा शब्द एकदा खोटा पडला, की गाड्या समोरच्या गॅरेजकडे वळायला वेळ लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी नव्या बनावटीचा ट्रक घेतला आणि तो खडखडू लागला. दादांनी कान लावला. "पुढचं गिअर गेलं." रेडिएटर उतरला, पंखा उतरला, पुली निघाली, कव्हर उघडलं. आत टायमिंगचे गिअरच नव्हते! जमलेल्यांपैकी एक ड्रायव्हर खिदळला, "दादा, गिअर खाल्लं का काय?"

मला फार वाईट वाटलं. मी हळूच म्हटलं, "सील बदलायला उघडलं होतं, असं सांगा ना."

"शेठ, गारी तुमची हाय, चूक माजी हाय. खोटं कशाला बोलू?" आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "मी चुकलो. ह्या इंजिनाचं मना काय समाजलं न्हाय."

तिथल्या तिथं त्यांनी पनवेलला फोन लावला, दिनेशला. हा त्यांच्याच हाताखाली तयार झालेला मेकॅनिक. "दिनेश, उद्या ये. मना शिकव."

दुसऱ्या दिवशी दिनेशनं गिअरबॉक्स उतरवला, फ्लायव्हीलचं जड चाक काढलं. त्याच्याआड, इंजिनाच्या मागच्या टोकाला, सगळे टायमिंग गिअर बसलेले, एकाचा दात तुटलेला. दादा उलट्या क्रेटवर बसून बघत होते.

"मागं कशाला नेलं रं?"

दिनेश अवघडून म्हणाला, "दादा, क्रँकच्या दांड्याचं पुढचं टोक जास्त थरथरतं. मागं फ्लायव्हीलचं वजन, म्हणून तिकडं शांत. दात कमी आपटतात, आवाजही कमी."

दादा खो-खो हसले. "म्हंजे दर्यातल्या होरीचंच! लाटंवर पुढच्या टोकाला बसला तो उंच उरतो, मागं सुकानूवाला निवांत!"

मग पांढरा ऑइलपेंट घेऊन त्यांनी भिंतीवर इंजिन काढलं. गिअर मागे दाखवले, पुढच्या टोकाला बाण केला आणि लिहिलं: बाळाराम हितं चुकला.

"अहो, पुसा ते," मी म्हटलं.

"ऱ्हावं दे. दुसऱ्याची मेहनत तरी वाचंल."

गाड्या कुठंही वळल्या नाहीत. उलट समोरचा गॅरेजवालाच येऊन ती भिंत बघून गेला.

गेल्या वर्षी दादा गेले. गॅरेज आता दिनेश चालवतो. परवा त्याचंही एक निदान साफ चुकलं. ड्रायव्हर हसले. त्यानं ब्रश मागवला आणि दादांच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं.