बुधवारची माती

ती केस आठवली की आजही आधी हसू येतं आणि मग थोडी लाज वाटते. आदिलाबाद जिल्ह्यात हायवेवरच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. एकाच आठवड्यात तीन व्हॅनवाले फिर्याद घेऊन आले. कापसाच्या बाजारात गाडी उभी केली, परत येऊन चालू केली तर ट्रॅक्टरसारखा आवाज. वाकून पाहावं तर खालचा सायलेन्सर गायब.

तिन्ही गाड्या गुडीहत्नूरच्या एकाच मिस्त्रीकडे दुरुस्तीला जायच्या. तेवढ्यावर लोकांनी निकाल देऊन टाकला. त्याच्या गॅरेजकडे कुणी फिरकेना. आयुष्यभर कमावलेलं नाव चार दिवसांत गेलं. मीही त्याला ठाण्यात बोलावलं, आणि खरं सांगतो, चोर हाच असं मनात धरूनच बोलावलं.

चोरीचा माल शेवटी भंगारात जातो, हे पोलिसाला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून गावातल्या भंगारवाल्यावर समोरच्या चहावाल्याला नजर ठेवायला सांगितलं होतं. मंगळवारी त्याचा निरोप आला, "उद्या त्याच्याकडं माती हाय. बाहेरगावची लोकं येऊन राह्यली." मातीला जाणं म्हणजे आपल्याकडे अंत्यविधीला जाणं. मयताच्या घरी चौकशीला जायचं नाही हा माझा नियम. तिकडचा तपास थांबवला आणि स्टेशन डायरीत तसं कारणही लिहिलं.

बुधवारी सकाळी मिस्त्री माझ्यासमोर होता. माझे तेच प्रश्न, त्याची तीच उत्तरं. शेवटी त्यानं गॅरेजची चावी काढून टेबलावर ठेवली. "ठेवून घ्या साहेब. तसंबी आता कोनी येत नाई." चोर असं वागत नाही, हे मला खटकलं, तरी मी चावी ड्रॉवरमध्ये टाकली.

तेवढ्यात आमचा हवालदार आला. भला माणूस, भंगारवाल्याच्या घरी सांत्वनाचे दोन शब्द बोलायला म्हणून वाटेत थांबला होता. "सर, रडणं नाई, तिरडी नाई. बाई अंगणात मिरच्या वाळवून राह्यली. मेलं कोन मंग?"

आमच्या बोलण्यातून चहावाल्याच्या निरोपाची सगळी हकीकत ऐकून मिस्त्रीनं मान वर केली आणि चक्क हसला.

"मानूस नाई मेला साहेब. सायलेन्सरमधी जाळी असते, ती फोडून भुगा करतात. भंगाराचा धंदा हिंदीत चालते, तिथं त्या भुग्याला मिट्टी म्हन्तात. तुमच्या चहावाल्यानं मराठीत सांगताना माती केली."

मग त्यानं मला धडाच दिला. धूर साफ करायला त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा हात दिलेला असतो. हे धातू आपल्याकडच्या खाणींत जवळजवळ नाहीत, परदेशातून आणावे लागतात. म्हणून जुन्या सायलेन्सरमधून ते परत काढणारे रीतसर कारखाने आहेत, आणि चोरही आहेत. "मंचेरियलची कोळशाची खान जमिनीखाली, आपली गाडीखाली," तो म्हणाला. हे आधी काऊन नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"तुमी इचारलंच नाई. माल कुठं ठेवला, तेवढंच इचारून राह्यले."

मी टोपी उचलली.

पंच घेऊन तासाभरात भंगारवाल्याच्या गोदामावर गेलो. बाहेरगावचं गिऱ्हाईक मिट्टी न्यायला आलेलंच होतं. फोडलेले सायलेन्सर आणि राखाडी भुग्याची पोती जप्त केली. भंगारवाल्यानं फार ताणलं नाही. मिस्त्रीच्या गॅरेजात भंगार न्यायला यायचं, कोणत्या गाडीला कंपनीचा जाळीवाला सायलेन्सर आहे ते हेरायचं आणि बाजारात आपला माणूस लावून तो काढून घ्यायचा, असा त्याचा रिवाज होता. पंचनाम्यात मुद्देमालाला काय म्हणावं यावर आमचा रायटर मात्र बराच वेळ अडून बसला.

दुसऱ्या दिवशी तिन्ही व्हॅनवाल्यांना ठाण्यात बोलावलं आणि त्यांच्यादेखत चावी मिस्त्रीच्या हातात दिली. माझी चूक झाली, असंही म्हणालो. आमच्या खात्यात हे वाक्य फारसं ऐकू येत नाही. मला ते म्हणून बरं वाटलं. व्हॅनवाले खाली मान घालून त्याच्यामागून गॅरेजकडे गेले.

साक्षीदार सांगतो तो शब्द मूळ कुणाच्या तोंडचा, कोणत्या भाषेतला, हे मी त्यानंतर नेहमी विचारलं. आणि समोरच्याला काय माहीत आहे ते आधी विचारलं, त्यानं काय केलं ते नंतर.

मिस्त्री आता जुने सायलेन्सर पावती देऊन गोळा करतो आणि परवाना असलेल्या कारखान्याला पाठवतो. माल न्यायला गाडी यायची असली की मला आठवणीनं फोन करतो, "साहेब, गुरुवारी माती हाय, चहाला या." बायको दरवेळी दचकून विचारते, कोण गेलं? मी हसत चपला घालतो.