दिवस बुडायच्या आतली लाईट

मला आवाज काढता येतात. शाळेत बाकी काही जमत नव्हतं, म्हणून हे जमवलं. आधी हेडसर जमले, मग आष्ट्याच्या स्टँडवर गाड्या पुकारणारा माणूस, मग आमच्या गल्लीची लाईट बघणारा वायरमन. तिघांत वायरमन सगळ्यात अवघड. त्याच्या खालच्या ओठात कायम तंबाखूचा बार. ओठ नीट मिटला तर बार सांडणार, म्हणून तो 'प' म्हणायचाच नाही. "फोलवर फाखरू बसलंय, फंधरा मिन्टं थांबा." 'ब' आणि 'म' त्याला कसे काय जमायचे, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. हे वाक्य मी आठवीत वर्गात म्हणून दाखवलं आणि उरलेला तास बाकावर उभा राहिलो.

आता मी साताऱ्यात इलेक्ट्रिकच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर असतो. घर आष्ट्यात. घरी दोघंच, आई आणि आण्णा. आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचं पाइप-फिटिंगचं दुकान आहे, घरापासून चालत दहा मिनिटांवर.

आम्ही जैन. दिवस बुडायच्या आत जेवायचं ही आईची रीत माहेरापासनं आलेली. दिवस बुडाल्यावर ती पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. आण्णा ही रीत चातुर्मासात पाळायचे, चार महिने एकदम कडक. पण दिवाळी झाली की त्यांचं पोट परत आठ वाजताच उघडायचं, दुकानाचं शटर खाली ओढल्यावर. मी घरी होतो तोवर आईची पंगत माझ्याबरोबर व्हायची. साडेपाचला पानं, आणि भाकरीबरोबर तोंडी लावायला हेडसर. आई हसायची, ठसका लागायचा, मग मलाच शिव्या.

मी साताऱ्याला गेलो आणि ती एकटी जेवायला लागली. हे मला एका रविवारी कळलं. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. मी न सांगता घरी गेलो, तर आई ओट्यापाशी उभी राहून जेवत होती. ताटसुद्धा नाही, पातेल्याच्या झाकणावर भाकरी.

मी म्हणलं, "आई, उभ्यानं का गं?"

"एकटीला काय पाट मांडून बसायचं? दोन घास तर खायाचं."

एवढंच बोलली आणि झाकण धुवायला घेतलं. तिला कुणाची तक्रार करायची नव्हती. माझ्या मात्र ते डोक्यात बसलं.

त्याच आठवड्यात आमच्याकडं नवा मीटर बसला होता. जुना मीटर बिचारा साधा. महिनाभर किती युनिट जळले त्याची बेरीज करायची, बस्स. ती लाईट दुपारी जळली का रात्री, त्याला काय घेणंदेणं नव्हतं. नव्या मीटरच्या पोटात घड्याळ आहे. किती जळली याच्याबरोबर कवा जळली तेही तो लिहून ठेवतो. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात जळलेल्या युनिटाला थोडी सूट. बाकीच्या वेळात नेहमीचा दर.

आण्णा म्हणाले, "असं का? लाईट तीच, तार तीच. मग दुपारची स्वस्त आणि रातची महाग कशी?"

मी म्हणलं, "आण्णा, बाजार उठताना मेथी कशी विकत्यात?"

"दहाला तीन जुड्या."

"का?"

"उरत्या म्हणून. घरी न्हिऊन काय करणार?"

"तसंच हाय. दुपारी उन्हावरची वीज लय तयार हुती. माळावर बघा की नुसत्या सोलरच्या पाट्या. ती साठवून ठेवणं सोपं न्हाई. मग सांगत्यात, वापरा बाबांनो आत्ताच. संध्याकाळी ऊन गेलं, आणि तवाच समद्या घरात टीव्ही, पंखा, शेगडी, मोटार. मागणी लय आन् माल कमी."

आण्णा व्यापारी माणूस, त्यांना हे पटायला पाहिजे होतं. मेथीपर्यंत मान हलवली पण. मग म्हणाले, "तू सांगतोस व्हय? हेडसरांच्या आवाजात फोन करून माझ्याकडनं सहलीचं पैसं उकळलं हुतंस. वायरमन सांगू दे, मग बघू."

मला ते वाक्य प्रसादासारखं मिळालं.

कारण आई आमटी-भात लाईटवरच्या शेगडीवर करते, गॅसवर फक्त भाकरी. आण्णा आठला आले की त्याच शेगडीवर आमटी परत गरम. गार आमटी आण्णांच्या घशाखाली उतरत नाही. लग्नाआधीपासनं उतरत नाही, असं आजी सांगायची. म्हणजे पाचनंतर शेगडी बंद राहिली, तर गरम आमटी खायला आण्णांना साडेपाचलाच घरी यायला लागणार. दुकानात एक नोकर आहे, तासभर तो सांभाळतो. अडत काहीच नव्हतं, आण्णांना यायला कारण नव्हतं एवढंच.

सोमवारी साताऱ्याला आल्यावर खोलीतल्या दोस्ताचा फोन घेतला. तो विट्याचा, माझ्या सगळ्या उद्योगांत सामील. ओठात तंबाखूच्या जागी बडीशेप भरली आणि नंबर लावला.

"हॅलो, आण्णा काय? वायरमन बोलतोय वो."

"बोला की. तुमी आन् फोनवर?"

"सायबानं दिलाय. तुमच्यात नवा मीटर बसलाय न्हवं? त्यो तास बघतोय बरं का. नऊ ते फाच स्वस्त. फाचच्या फुडं शेगडी लावली की दंड."

"दंड?"

"दंड म्हंजे दंडच. गरम खायाचं आसंल तर फाचच्या आत शिजवायचं आन् लगीच बसायचं."

"आवं, पण माझं दुकान आठला बंद हुतंय."

"मग गार खावा."

दोस्त उशीत तोंड घालून हसत होता. आण्णा "गार?" असं पुटपुटले. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंसा. आमचं पोरगं कायतरी मेथीचं सांगत हुतं."

मंगळवारी आईचा फोन आला. "आज तुझं आण्णा साडेपाचला आलं. ताप-बिप हाय का म्हणून कपाळाला हात लावला, तर म्हणं, वाढ." बुधवारी परत. गुरुवारी सांगितलं की आण्णा आता दुपारीच पाण्याची मोटार लावायला सांगतात, इस्त्री दुपारी, आणि कपड्याच्या मशीनमध्ये दोन रुमाल टाकून तीसुद्धा दुपारी फिरवतात. मी म्हणलं, "आई, तसं नगं करू. सूट हाय म्हणून उगंच जाळायचं न्हाई. शंभर युनिटांपतुर दर कमी, त्याच्या पुढं जास्त, ते जुनं गणित तसंच हाय. रुमालांच्या नादात पुढच्या टप्प्यात गेलो, तर सूट खाल्ली बघ मशीननं." तिनं ते आण्णांना सांगितलं. आण्णा म्हणाले, वायरमनला विचारून बघतो. मी घाईघाईनं फोन ठेवला.

पण आईचा आवाज बदलला होता. आधी फोनवर तिच्याकडं सांगायला काही नसायचं. मी जेवलो का, खोलीत पाणी येतं का, झालं. आता दुकानातल्या गोष्टी सांगायला लागली. पाइप वळवायचा एल्बो समजून कुणी तीन तोंडांचा टी नेला, कोण नळ परत करायला आला तो वापरून. वीस-बावीस वर्षं दुकान चालू आहे, तिला हे आत्ता कळत होतं. कारण आठ वाजता आण्णा टीव्हीबरोबर जेवायचे आणि ती तोवर भांडी आवरत असायची.

त्याच आठवड्यात शनिवारी मी घरी गेलो. साडेपाचला तीन पानं. खिडकीतनं ऊन तिरपं होऊन आमटीच्या वाटीपर्यंत आलेलं. आण्णा, आई आणि मी. आई पाटावर बसलेली, मांडी घालून.

मी म्हणलं, "काय बी म्हणा आण्णा, लाईटवाल्यांनीपण आपली रीत धरली. दिवस बुडायच्या आत खाईल त्याला सूट."

आण्णांना हसू आलं, पण त्यांनी ते भाकरीत लपवलं. "जेव गप. ऊन जातंय."

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. वायरमन. शेजारच्यांची तार सैल झाली होती, त्यांची शिडी मोडलेली, म्हणून आमची मागायला आलेला. मी भाकरी तोंडात तशीच धरून ठेवली.

आण्णा ताटावरनंच म्हणाले, "या या. तुमी सांगितल्यापास्नं आमी पाचच्या आतच समदं करतोय. दंड-बिंड नगं."

"कसला दंड?"

"पाचच्या पुढं शेगडी लावल्याचा."

वायरमन दारात उभा राहिला. "आण्णा, पाचनंतर दंड कुणी सांगितला तुमाला? तुमच्या मीटरला दिवसा सूट हाय, एवढंच. पाचच्या पुढं नेहमीचा दर. आन् वाटीभर आमटी गरम करून किती पैसं पडणार? पाच रुपयं तरी हुतील का?"

पाच. पुढं. पैसं. पडणार. परत पाच. एकही फ नाही. मी त्याच्या ओठाकडं बघितलं. ओठ सपाट.

आण्णांनीही बघितलं. "बार कुठं गेला तुमचा?"

"सोडला की. डॉक्टरनं तोंड बघितलं आन् दम दिला. दोन म्हैनं झालं."

"मग सोमवारी फोनवर बार हुता तो?"

"मी कवा फोन केलाय तुमाला? मी रस्त्यावरनंच हाक मारतो."

आई माझ्याकडं बघत होती. आण्णांना माझ्याकडं बघायची गरजच नव्हती. दोन वर्षं साताऱ्यात राहून मी एका जुन्या माणसाचा आवाज काढत बसलो होतो, आणि तो माणूस इकडं तोंड धुऊन मोकळा झाला होता.

"फ-फ-फंधरा मिन्टं थांबा म्हणायचा, त्योच का ह्यो?" वायरमन माझ्याकडं बघून हसला. त्याला कधीपासनं माहीत होतं, देव जाणे. शिडी घेऊन गेला.

आण्णा ओरडले नाहीत. ताटातलं संपवलं, हात धुतले, दुकानाला गेले. जाताना म्हणाले, "उद्यापास्नं आठला."

मग मी आईला सगळं सांगितलं. झाकणावरची भाकरी, बडीशेप, सगळं. मला वाटलं हसेल.

"म्हंजे दंड चुकवायला येत हुतं," ती म्हणाली. "मी म्हणत हुते, चार दिवस झालं, माणसाला गोडी लागली."

ती ताटं उचलायला लागली. मी मदतीला उठलो तर म्हणाली, बस. त्या रात्री मला कुठलाच आवाज काढावासा वाटला नाही. आण्णांना फसवल्याचं एवढं काही वाटलं नव्हतं. पण आईला मी जे आणून दिलं, ते खोट्या नोटेसारखं निघालं, आणि तिनं ते चार दिवस जपून ठेवलेलं.

रविवारी साडेपाचला आई आणि मी जेवलो. तोंडी लावायला हेडसर नव्हते. आण्णा आठला आले. आईनं शेगडी लावून आमटी गरम केली, वाढली. टीव्ही लावलेला. आण्णांनी दोन घास खाल्ले आणि पोटावर हात फिरवला.

"भूक मेली," म्हणाले.

"मरंल न्हाई तर काय," आई भांड्यांतनं म्हणाली. "पाचलाच लागली असंल."

आण्णांनी ताट बाजूला सारलं. अर्धी भाकरी तशीच राहिली.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं मी साताऱ्याला आलो. संध्याकाळी काउंटरवर एका बाईंना बल्ब दाखवत होतो. भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच वाजून गेले होते आणि माझ्या डोळ्यांपुढं ओटा, झाकण आणि उभी राहिलेली आई. पावणेसहाला फोन वाजला. घरचा नंबर.

"हॅलो, आई?"

पलीकडं भांड्याचा आवाज, मग कुणीतरी तोंडात मोठा घास धरल्यासारखं बोललं, "हॅलो. वायरमन बोलतोय वो."

इतका वाईट वायरमन मी जन्मात ऐकला नव्हता.

"आण्णा?"

"आण्णा न्हाई, वायरमन. साडेफाचला जेवाय बसलोय. बिलाचं काय न्हाई, फोटात कावळं वरडाय लागलं दुकानात." मग आपल्या नेहमीच्या आवाजात, फोन तोंडापासनं लांब धरून, "आवाज बरा जमला का गं?"

मागनं आईला ठसका लागलेला ऐकू येत होता. हसताना लागतो तोच. आणि आण्णा तिला म्हणत होते, "पाणी पी, पाणी. अजून ऊन हाय."