पक्षाध्यक्षांच्या हातची शाल

ज्यांना लांबून येताना पाहिलं की अमेरिकेतल्या बॉथेल गावातली निम्मी मराठी मंडळी घरातले दिवे मालवून गप्प बसायची, त्या काकांइतका भला माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. आणि त्यांच्याशी मी जितका भ्याडासारखा वागलो तितका दुसऱ्या कुणाशीच वागलो नाही. दुसरी गोष्ट सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून आधी पहिली सांगतो.

आम्ही त्यांना वेल्सचे काका म्हणायचो. मूळचे साताऱ्याकडचे डॉक्टर. तरुणपणी वेल्समधल्या एका खाणीच्या गावात 'फक्त एका वर्षासाठी' म्हणून गेले आणि केस पांढरे होईपर्यंत तिथेच राहिले. त्या गावाचं नाव उच्चारायला सुरुवात केली की मध्ये एकदा श्वास घ्यावा लागतो. काका मात्र ते पाणी प्यायल्यासारखं म्हणायचे आणि मग आमच्याकडून म्हणून घ्यायचे. त्या गावात खाणकामगारांचं एक छोटं इस्पितळ होतं. ते बंद करायचं घाटत होतं तेव्हा काका सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांकडे जाऊन आले. "प्रत्येकाने चहा पाजला रे, उत्तम चहा. इस्पितळाबद्दल मात्र एकानेही तोंड उघडलं नाही." मग काय, काकांनी स्वतःचाच पक्ष काढला! त्याच्या नावाचं मराठी भाषांतर ते 'दरी दवाखाना पक्ष' असं करायचे. पक्ष ऐन भरात होता तेव्हा त्यात सात सभासद होते आणि त्यातल्या दोघांचा स्वयंपाक एकाच घरात व्हायचा, कारण दुसऱ्या सभासद म्हणजे काकू. काका तीन निवडणुकांत पडले, चौथीला गावाच्या कौन्सिलवर निवडून आले आणि इस्पितळ वाचवलं. बाळंतपणाचा वॉर्ड तेवढा गेला. तो विषय निघाला की त्यांचा चेहरा उतरायचा, जणू काल संध्याकाळीच कुलूप लागलंय.

काकू गेल्यावर मुलीने त्यांना बॉथेलला आणलं. वर्ष दोन हजार पाच असावं. मुलीला वाटलं, बाबा आता बागेत फिरतील, नातवंडांत रमतील. काका बागेत फिरले, पण कोटाला पक्षाची हिरवी-पिवळी फुलासारखी फीत लावून, आणि भेटेल त्याच्याशी हात मिळवून. हे हात मिळवणंही साधं नव्हतं. त्यांची दोन बोटं अलगद आपल्या मनगटावर सरकायची, हवापाण्याच्या गप्पा चालू ठेवून ते नाडी मोजायचे आणि हात सोडताना म्हणायचे, "झोप कमी होतेय तुझी. कॉफी कमी कर." मराठी मंडळाच्या पहिल्याच कार्यक्रमात त्यांनी स्वतःची ओळख "मी पक्षाध्यक्ष" अशी करून दिली. लोकांना वाटलं, देशातून कुणी बडा पुढारी आलाय! त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. कार्यक्रम संपेपर्यंत पहिल्या रांगेतल्या सगळ्यांची नाडी मोजून झाली होती.

भर पावसात रेनकोट घालून ते आमच्या कॉम्प्लेक्समधली दारं वाजवत हिंडायचे. हातात वही. तिच्यात प्रत्येक घरापुढे शेरा: 'पक्के', 'कच्चे' किंवा 'कुंपणावर'. "काका, पण इथे निवडणूक कुठाय?" मी विचारलं, तर म्हणाले, "निवडणूक नसतानाच दारं वाजवायची असतात. मतं मागायला काय, कुणीही जातं." त्यांचे प्रश्न ठरलेले. देशातून कुणाचे आई-वडील आलेत? इन्शुरन्स कुठला घेतलाय? गोळ्या किती उरल्यात? आता, हे प्रश्न आमच्याकडे विचारायचे नसतात. आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले. आई-वडिलांना बोलवायचं, इंटरनेटवर सगळ्यात स्वस्तातला व्हिजिटर इन्शुरन्स काढायचा, त्यात जुनं दुखणं धरत नाहीत हे बारीक अक्षरातलं वाचायचं नाही, आणि प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला कुणी विचारलं की "बेस्ट प्लॅन घेतलाय यार" असं ठोकून द्यायचं. मीही ठोकून दिलं होतं. त्यामुळे काकांच्या वहीत आमच्या घरापुढे 'पक्के' असा शेरा होता.

आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी आई-बाबा नागपूरहून आले. सहा महिन्यांसाठी आले, आम्ही आग्रहाने मुक्काम वाढवून घेतला. बाबा एका शाळेत हेडक्लार्क होते. स्वतःसाठी काही मागायचं म्हणजे त्यांना परीक्षेत कॉपी केल्यासारखं वाटतं. एका शनिवारी दुपारी मंडळाच्या पॉटलकला बाबा श्रीखंडाच्या रांगेत उभे होते आणि काकांनी त्यांच्याशी हात मिळवला. हात काही सोडेनात. "भाऊसाहेब, गोळी कधी घेतली?" बाबा म्हणाले, "सकाळी घेतली ना, अर्धी." अर्धी! मुक्काम वाढला, तशा बाबांनी हृदयविकाराच्या गोळ्या पुरवायला सुरुवात केली होती. दोन महिने रोज अर्धी गोळी, आणि घरात कुणाला पत्ता नाही. मी त्यांच्या समोरच्या खोलीत झोपत होतो, मलाही नाही.

काकांनी बाबांच्या हातातलं ताट काढून टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाले, "गाडी काढ." गावात एका धर्मादाय संस्थेचा दवाखाना होता. ज्यांच्याकडे इन्शुरन्स नाही, ते तिथे जायचे. मी तीन वर्षं त्याच्यासमोरून ऑफिसला जात होतो आणि एकदाही त्या पाटीकडे पाहिलं नव्हतं. अमेरिकेत डॉक्टरकीचा परवाना नसल्याने काका तिथे वरची कामं फुकट करायचे, कागद लावणं, लोकांना धीर देणं असलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना तपासलं आणि म्हणाल्या, अजून आठवडाभर असंच चाललं असतं तर कठीण होतं. बाबा वाचले. मी परत येऊन मंडळात काय सांगितलं? "काही नाही, ॲसिडिटी."

महिन्याभरात बातमी आली की संस्था तो दवाखाना बंद करायच्या विचारात आहे. निर्णयाआधी सगळ्यांचं म्हणणं ऐकायला खुली सभा ठेवली होती, प्रत्येकाला तीन मिनिटं. मग काकांना जो चेव चढला! पत्रकं छापली, वही काढली, दारं वाजवली. दारं कसली, दिवे मालवलेल्या खिडक्याच. शेवटी आमच्याकडे आले. "मला भाषणं नकोत. तीन मिनिटं तू उभा राहा आणि बाबांचं काय झालं ते सांग. शिकलेला, नोकरीवाला माणूस. तुझ्यासारख्यालाही दवाखाना लागतो, हे त्यांना कळू दे." मी म्हटलं, "हो काका, नक्की." त्यांनी माझा हात हातात घेतला, पण त्या दिवशी नाडी पाहिली नाही.

सभेला मी बाबांना घेऊन गेलो, कारण बाबांना काकांचं काम बघायचं होतं. हॉल भरलेला. मागच्या ओळीत बसलो आणि पाहतो तर आमच्या ऑफिसमधले दोघं पुढे बसलेले. माझ्या ग्रीन कार्डची फाइल तेव्हा सरकारी टेबलावर होती. बाप फुकटच्या दवाखान्यात गेला हे कुठे नोंदलं गेलं तर? मंडळात कळलं तर? खरं सांगतो, दुसऱ्या प्रश्नाची भीती जास्त होती. माझं नाव पुकारलं. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. पुन्हा पुकारलं. बूट बिननाडीचा होता. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा माझ्या शेजारची खुर्ची वाजली आणि बाबा उठून चालायला लागले.

माइकपुढे जाऊन बाबांनी आधी सगळ्यांना नमस्कार केला. मग मराठीत बोलले, आणि काका शेजारी उभे राहून एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेले. "मी मुलाकडे आलो. माझ्या गोळ्या संपत आल्या होत्या. मुलाला सांगितलं नाही, तो बिझी राहते. मी अर्ध्या गोळ्या खाल्ल्या. ती माझी चूक. पण इथे मला कोणी ओरडलं नाही. बाईंनी आधी बसायला खुर्ची दिली. म्हातारा माणूस आधी खुर्ची पाहते हो. ही खुर्ची काढू नका." एवढंच. काकांनी शेवटचं वाक्य इंग्रजीत दोनदा सांगितलं. दवाखाना आठवड्यातून तीन दिवस चालू ठेवायचं ठरलं. घरी येताना गाडीत बाबा झाडं कशी उंच आहेत एवढंच बोलले.

इथे थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण काकांनी आधीच चिठ्ठी देऊन माझं नाव लिहून ठेवलं होतं, आणि सभेच्या इतिवृत्तात तेच छापून आलं: माझं नाव, पुढे 'दुभाष्याच्या मदतीने', आणि त्याखाली बाबांचंच 'मी मुलाकडे आलो' वगैरे बोलणं. ते मंडळाच्या सेक्रेटरीच्या हाती पडलं. त्याचा फोन. "काय माणूस आहेस यार! फाडफाड इंग्लिश येतं आणि अमेरिकन सभेत मुद्दाम मराठीतून बोललास! आणि स्वतःच्या वडिलांच्या जागी उभं राहून बोलायची काय ती आयडिया! मातृभाषेचा अभिमान असावा तर असा!" मी "अरे, तसं नाही" एवढं म्हणालो. पुढचं वाक्य म्हणायचं राहिलं. गणपतीत माझा सत्कार ठरला. बाबा तोपर्यंत नागपूरला परत गेले होते.

शाल कुणाच्या हस्ते? पक्षाध्यक्षांच्या! काका फीत लावून स्टेजवर आले. मला वाटलं, आता हे बोलणार, आणि बोलावंच असं क्षणभर वाटलंसुद्धा. सगळ्या हॉलमध्ये तो मी नव्हतो हे माहीत असलेला एकच माणूस माझ्या खांद्यावर शाल पांघरत होता. त्यांनी घडी नीट केली, नारळ हातात दिला आणि हळूच विचारलं, "बाबांना फोन केलास?" मी म्हटलं, "केला." तेही खोटं. टाळ्या वाजत होत्या. माझे कान इतके तापले होते की त्या पुरत्या ऐकूही आल्या नाहीत.

दोन हजार आठच्या वसंतात काका झोपेतच गेले. शोकसभेत मला बोलायला सांगितलं, कारण मी त्यांचा 'लढ्यातला सहकारी'! मी नाडीचे किस्से सांगितले, वहीचे सांगितले, लोक रडता रडता हसले. जे सांगायचं होतं ते तेव्हाही सांगितलं नाही. मात्र घरी आलो तो बूटही न काढता नागपूरला फोन लावला. तिकडे सकाळ होती. "बाबा, डॉक्टरकाका गेले," मी म्हटलं, आणि मग इतिवृत्त, शाल, सगळं एका दमात ओकून टाकलं.

बाबांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माहीत आहे मला. सत्काराच्याच दिवशी डॉक्टरांचा फोन आला होता. म्हणाले, भाऊसाहेब, मुलावर रागावू नका. माझ्या पहिल्या प्रचारसभेत मी संडासात कडी लावून बसलो होतो, भाषण बायकोने केलं. पेपरात नाव माझं आलं. भाषण तिचं होतं, हे चारचौघांत सांगायला मला अकरा वर्षं लागली. तुमचा मुलगा त्याच्या आत फोन करेल, म्हणाले, जरा वाट पाहा."

मी फक्त "बाबा" म्हणालो.

"मग काय," बाबा म्हणाले, "वाट पाहून राहिलो होतो."