बोर्डाच्या झाकणामागची सही

आमच्या घरी पाणी चार दिवसांआड येतं. जुळे सोलापुरात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. बाहेरच्या माणसासाठी सांगतो, कारण पुढचं सगळं त्या पाण्याच्या दिवसामुळं झालं. झालं म्हणजे मी केलं. ‘झालं’ म्हणायची सवय मला नऊ वर्षांची आहे, ती मोडायला हे लिहितोय.

यंदा उन्हाळ्याच्या आधी बायकोनं ठरवलं की झोपायच्या खोलीत एसी बसवायचा. बसवायला आलेल्या माणसानं बोर्ड उघडून वास घेतला आणि म्हणाला, वायर तापून काळी पडली आहे, आधी नवी लाइन ओढा. मग एक नवीन इलेक्ट्रिशियन आला. त्यानं भिंतीवर बोटानं ठोकून बघितलं, दोन ठिकाणी प्लास्टर फोडलं, पण आतला पाइप काही त्याला सापडेना. शेवटी हात झटकून म्हणाला, “ज्यांनी पाइप टाकलेत त्यांनाच बोलवा की सर. काम चांगलं केलंय, पण कुठनं कुठं नेलंय ते त्यांच्याच डोक्यात असणार.”

तो गेल्यावर बायको म्हणाली, “त्यांनाच बोलवा. माणूस वाईट नव्हता. चूक कुणाकडून होत नाही?”

मी नुसती मान हलवली. मान हलवून वेळ मारून नेणं मला चांगलं जमतं.

हे ‘ते’ म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातले इलेक्ट्रिशियन. घरी तेलुगू बोलणारे, आमच्याशी सोलापुरी मराठी. आधी यंत्रमागाच्या कारखान्यात मोटारी दुरुस्त करायचे. मग आमच्या चौकातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानाबाहेर बाकड्यावर बसायला लागले, आणि या भागात कुणाला काम असलं की दुकानदार त्यांना पाठवायचा. नऊ वर्षांपूर्वी आमच्या घराचं सगळं वायरिंग त्यांनी नव्यानं केलं होतं. माझ्यापेक्षा वयानं दहाएक वर्षांनी मोठे. हळू बोलायचे, काम करताना चप्पल कधी काढायचे नाहीत, आणि बायकोनं चहा दिला की आधी मेन स्विच बंद करून मगच कप हातात घ्यायचे.

त्यांनी बोर्डात ट्रिपर बसवला होता. करंट कुठं गळायला लागला, कुणाच्या अंगातनं जमिनीत जायला लागला, की तो स्वतःहून पडतो आणि घराची वीज तोडतो. काम संपल्यावर महिन्याभरानं तो पडायला लागला. मोटार चालू केली की टक. पुन्हा वर केला की पुन्हा टक. मी त्यांना बोलावलं. ते मोटारीजवळ उकिडवे बसले, टेस्टर लावला आणि म्हणाले, “सर, ट्रिपर पडतोय म्हणजे त्याचं काम चाललंय. मोटारीचं वायंडिंग ओलं झालंय, बॉडीला करंट येतोय. सोमवारी येऊन मोटार काढून नेतो. तवर हिला चालू करू नका.”

“आणि मधेच पाणी आलं तर?”

“बादल्यानं भरा की. एक दिवसाचा तर प्रश्न हाय.”

हा शुक्रवार होता. शनिवारी सकाळी पाणी आलं. गल्लीत एकामागून एक मोटारी चालू झाल्याचा आवाज आला. आमच्या हौदात पाणी पडत होतं आणि वरची टाकी कोरडी. बायको आतून म्हणाली, “अहो, तासाभरात जाईल पाणी.” मी मोटार चालू केली. टक.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. आठवीच्या पोरांना विद्युतमंडल शिकवताना फळ्यावर जे काढतो, त्यापेक्षा यात अवघड काही नव्हतं. जुन्या इस्त्रीची वायर माळ्यावर पडली होती. तिचे दोन तुकडे कापले, मेन बंद केला आणि ट्रिपरच्या वरचं टोक खालच्या टोकाला जोडून टाकलं, दोन्ही बाजूंनी. आमच्याकडं याला डायरेक्ट करणं म्हणतात. आता ट्रिपर पडला तरी वीज जाणार नव्हती. स्क्रू ड्रायव्हर सापडेना म्हणून भाजी चिरायच्या सुरीच्या टोकानं स्क्रू आवळले. दहा मिनिटांत टाकी भरायला लागली. खरं सांगायचं तर मला जरा अभिमानच वाटला.

टाकी भरली की तुकडे काढायचे, असं मनाशी होतं. काढले नाहीत. सोमवारी सकाळी मीच त्यांना फोन केला, म्हटलं, येऊ नका, आता पडत नाही.

पलीकडनं ते म्हणाले, “आपोआप कसा काय बंद झाला पडायचा?”

“उन्हानं वाळलं असेल.”

“बघा बुवा,” म्हणाले आणि फोन ठेवला.

मधे दोनदा पाणी येऊन गेलं, काही झालं नाही. बाराव्या दिवशी पुन्हा पाणी आलं. मी वर दाढी करत होतो. मोटार पाणी ओढेना म्हणून बायको तांब्यानं तिच्यात पाणी घालायला गेली, अनवाणी, ओल्या फरशीवर. तिनं दुसरा हात मोटारीवर ठेवला. मला आवाज आला तो तांब्या पडल्याचा. खाली येऊन मेन बंद केला तेव्हा ती भिंतीपाशी फेकली गेली होती आणि उजवा हात अंगाखाली वाकला होता. शुद्धीवर होती. म्हणाली, “मोटार बंद करा.” मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, फेकल्या गेल्या म्हणून वाचल्या, चिकटून राहिल्या असत्या तर अवघड होतं.

तिचे थोरले भाऊ अकलूजहून दुपारपर्यंत दवाखान्यात पोचले. मोठ्या आवाजाचा, सरळ माणूस. बहिणीचा हात बघून त्यांनी मला बाजूला घेतलं. “दाजी, वायरिंग कुणी केलं होतं?”

मी म्हणालो, “महिन्यापूर्वीच नवीन केलंय.”

एवढंच बोललो. यात खोटं काही नव्हतं, हे मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला समजावत राहिलो. पण मेव्हण्यांना जे समजायचं ते समजलं आणि मला तेच हवं होतं.

बायकोचे कपडे आणायला म्हणून घरी आलो तेव्हा कपड्यांच्या आधी बोर्ड उघडला. इस्त्रीच्या वायरीचे दोन्ही तुकडे काढले, खिशात घातले आणि येताना रेल्वे पुलाजवळच्या कचऱ्यात टाकले.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्यांनी इलेक्ट्रिशियनना घरी बोलावून घेतलं. ते आले, बाईंची तब्येत विचारली, बोर्डाचं झाकण उघडलं. ट्रिपरवरचं टेस्टचं बटण दाबलं. टक. वर केला, पुन्हा दाबला. टक.

“चालू हाय,” म्हणाले.

“चालू आहे तर काल का नाही पडला?” मेव्हणे म्हणाले.

ते स्क्रूंकडं बघत होते. सुरीनं त्यांची तोंडं खरडून पितळ चकाकत होतं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. मेव्हणे त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, झाकण लावलं, पिशवी उचलली आणि गेले. मेव्हणे तिथून थेट चौकातल्या दुकानात गेले आणि तिथंही बोलले. त्यानंतर बाकड्यावर ते दिसले नाहीत. पुढं कधीतरी कळलं, एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागलेत.

बायकोचं मनगट जुळलं, पण पूर्ण फिरत नाही. भाकरी थापताना ती डावा हात जास्त वापरते, म्हणून भाकरी एका कडेला जाड राहते. नऊ वर्षं मी ती जाड कड आधी खातो. तिला वाटतं, मला आवडते.

तर, यंदा मी त्यांना फोन केला. आवाज ओळखून ते म्हणाले, “बोला सर.” काम सांगितलं. म्हणाले, रविवारी येतो.

आले. केस पांढरे झाले होते, चप्पल पायात तशीच. बायकोला म्हणाले, “ताई, हात कसा हाय?” ती म्हणाली, “चाललंय की.” दोघंही सहज बोलत होते. घाम फक्त मला येत होता.

भिंतीला हातसुद्धा न लावता त्यांनी खडूनं रेघ ओढली. “हितनं खाली, मग दारावरनं, तितं वळवलाय.” आधी आलेल्या पोरानं फोडलेली जागा रेघेपासून वीतभर लांब होती. “थोडक्यात चुकला बिचारा,” म्हणाले आणि हसले. दोन दिवस त्यांनी काम केलं. एसीला वेगळी लाइन ओढली, काळ्या पडलेल्या वायरी बदलल्या, नवीन ट्रिपर बसवला. मेन बंद करून चहा प्यायले. मी त्यांच्या आसपास घुटमळायचो आणि तोंड उघडायच्या आत दुसरंच काही विचारायचो. पंख्याबद्दल, नाहीतर गीझरबद्दल. ते नीट उत्तर द्यायचे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम संपलं. त्यांनी टेस्टचं बटण दाबलं. टक. मग खिशातनं काळं मार्कर पेन काढलं आणि बोर्डाच्या पत्र्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलं: ट्रिपर तपासला, चालू आहे. खाली तारीख. खाली स्वतःची सही. मग पेन माझ्यापुढं धरलं.

“हितं तुमची सही करा सर.”

“माझी कशाला?”

“माझी पद्धत हाय. घरमालकानं बटण दाबून बघायचं आणि सही करायची. कारखाना सोडून परत घरांची कामं धरली तवापासनं प्रत्येक घरात घेतोय.”

बायको कप न्यायला आली होती. म्हणाली, “चांगली पद्धत आहे. कुठं शिकलात?”

“हितंच की ताई,” ते म्हणाले. टोमणा नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं.

मी बटण दाबलं. टक झालं. सही करायला पेन टेकवलं आणि हात पुढं जाईना. झाकणामागची ती मोकळी जागा आणि खाली नव्या ट्रिपरचे स्क्रू, न खरडलेले.

मी म्हणालो, “तेव्हा ट्रिपर मी डायरेक्ट केला होता. इस्त्रीच्या वायरनं. तुम्ही यायच्या आधी ती वायर काढून टाकली.” हे त्यांना बोललो, पण बघत बायकोकडं होतो.

ते वाकून पक्कड पिशवीत ठेवायला लागले. ठेवता ठेवता म्हणाले, “वायंडिंग उन्हानं वाळत न्हाय सर. मला फोनवरच कळलं होतं. मीच त्या दिवशी येऊन बघायला पाहिजे होतं. न्हाय आलो, ही माझी चूक.”

“मग बोलला का नाहीत?” हे बायकोनं विचारलं.

“तुमी दवाखान्यात व्हता ताई. तुमचे भाऊ त्या रागात. मी तोंड उघडलं असतं तर यांच्यावर हात पडला असता. म्हटलं, सर आज न्हाय तर उद्या सांगतील.” पिशवी बंद करत म्हणाले, “उद्या लई लांबला.”

बायकोनं मला विचारलं, “किती दिवस होत्या त्या वायरी?”

“बारा.”

“बारा दिवस मी त्या मोटारीजवळ धुणं धुतलं.” आवाज चढला नव्हता. तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं, टेस्टचं बटण स्वतः दाबलं, टक झाल्यावर झाकणावर सही केली. हात मोडल्यापासून तिची सही उजवीकडं घसरत जाते. तशीच ती घसरत गेली आणि इलेक्ट्रिशियनच्या सहीला टेकली. “या घरात ट्रिपर मी बघणार,” ती म्हणाली. पेन त्यांना परत दिलं आणि कप घेऊन आत गेली.

त्यानंतर ती माझ्याशी आठ-दहा दिवस कामापुरतंच बोलली. भाकरी वाढताना एकदा म्हणाली, “ती जाड कड आवडत नाही ना तुम्हाला?” मी नाही म्हणालो. “मग खाऊ नका,” म्हणाली. तेव्हापासून दोघं अर्धी अर्धी खातो.

चौकातल्या दुकानात गेलो. जुना दुकानदार आता नाही, गल्ल्यावर पुतण्या बसतो. त्याला सगळं सांगितलं. तो फोनमधनं मान वर करून म्हणाला, “कोण काका? मला नाही आठवत.” तरी मी तेच पुन्हा सांगितलं, आणि आमच्या भागात काम असेल तर त्यांना पाठवा म्हणून त्यांचा नंबर लिहून दिला. अकलूजला मेव्हण्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता माझी पाळी. ते म्हणाले, “दाजी, मी त्या माणसाला आईवरनं बोललो होतो. नंबर द्या त्यांचा.” मला ते काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

परवा पाणी आलं. गल्लीत मोटारी चालू झाल्या. आमची चालू केली आणि टक. रात्री वळीव पडला होता, मोटारीच्या प्लगमध्ये पाणी शिरलं होतं, हे नंतर कळलं. तेव्हा काहीच कळत नव्हतं. हौदात पाणी पडत होतं आणि टाकी कोरडी होती.

बायकोनं आतून विचारलं, “पडला का?”

“पडला.”

“त्यांना फोन करा. आणि बादल्या घ्या.”

मी फोन केला. संध्याकाळी येतो म्हणाले. मग बादली उचलली आणि जिना चढायला लागलो. दुसऱ्या खेपेला बायको मधल्या पायरीवर उभी होती, डावा हात पुढं करून.