उशीमास्तरांचा हात

उशीमास्तरांकडे मी दोन वर्षं ढोलकी शिकलो. त्यातलं पहिलं वर्ष त्यांनी मला ढोलकीला बोट लावू दिलं नाही. काथ्याने ठासून भरलेली, खाकी खोळीची एक उशी पुढ्यात टाकायचे आणि म्हणायचे, "वाजीव." उशी कसली वाजतेय, डोंबल! पण तोच त्यांचा मुद्दा होता. "ढोलकी तुझा हात परत उडवून देती. उशी न्हाय देत. तुझा हात तूच उचलायला लागतोय." यावरून अख्ख्या कळंबा गावाने त्यांना उशीमास्तर केलं होतं. तोंडावर मात्र नुसतं मास्तर. तेवढी भीती सगळ्यांना होती.

मी तेव्हा कबनूरला यंत्रमागावर कामाला होतो. रविवारी सकाळी एसटी पकडून यायचो आणि पोचल्या पोचल्या शिक्षा सुरू व्हायची. बगलेत घडी घातलेला पेपर धरायचा आणि उशीवर नुसत्या मनगटाने शंभर थापा मारायच्या. दंड हलला की पेपर पडायचा, पेपर पडला की पुन्हा एकपासून. एकदा सत्त्याण्णवला पडला. मी वैतागून म्हणालो, "मास्तर, तीनच राहिल्यात की!" तर म्हणतात, "मग कारेक्रमात लोकांस्नी सांगणार हायस काय, शेवटच्या तीन सोडून ऐका म्हणून?" काकू, म्हणजे त्यांची बायको, दारातून हसायच्या. मला हसू येत नव्हतं. मनगट ठणकत असायचं.

डाव्या हातावर तर त्यांचा डूख होता. "तुझा डावा हात जावई हाय. नुसता बसून खातोय." मग महिनाभर कुलूप डाव्या हाताने, चहाचा कप डाव्या हाताने, शर्टाची बटणं डाव्या हाताने. मी डाव्या हाताने भांग पाडून कारखान्यात गेलो की लोक विचारायचे, कुणाशी मारामारी झाली काय रे? आणि एवढं करून कौतुकाचा शब्द म्हणाल तर नाही. माणूस तसा हेकटच. दोन वर्षांत एकदाच "बरं हाय" म्हणाले, तेही पान थुंकायला उठता उठता.

त्यांचा खरा जीव होता तो सुट्या थापेवर. ठेका नाही, तुकडा नाही. 'ना' हा एकच बोल वाजवायचा, थांबायचं, आवाज पुरता विरू द्यायचा, मग दुसरा. असे पन्नास. "पन्नास थापांचं एकच तोंड दिसलं पायजे. एक जरी वाकडी निघाली तर बाकीच्या खोट्या." स्वतः वाजवायला बसले की खरोखर पन्नासच्या पन्नास एकसारख्या यायच्या. असला स्वच्छ हात मी पुन्हा ऐकला नाही. त्या स्वच्छपणानेच त्यांचा घात केला. म्हणजे, खरं सांगायचं तर मी केला.

मास्तरच मला त्यांच्या वाद्यवृंदात घेऊन गेले. तिथे ढोलकी त्यांची, आणि मी बाजूला खंजिरी, घुंगरू असलं काहीबाही. पुढे वाद्यवृंदाच्या मालकांनी पॅड, म्हणजे बोट टाकलं की आत भरलेला आवाज काढणारं यंत्र, आणलं आणि मी तरुण म्हणून माझ्यापुढे ठेवलं. त्यात ढोलकीचा आवाज होता, पण पत्र्याच्या डब्यासारखा. मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तरांचाच आवाज भरून घे की ह्यात." कशासाठी, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

मास्तरांना सांगितलं, "शिकणाऱ्यांसाठी तुमच्या थापा भरून ठेवायच्यात. एकेक, सुटी." त्यांचा चेहरा असा उजळला! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याकडे सुटी थाप मागत होतं. इस्त्रीचा शर्ट घालून आले. पंखा बंद केलेल्या खोलीत घामाने निथळत तीन तास बसले. मला प्रत्येक बोलाची एकच थाप हवी होती. त्यांनी पन्नास-पन्नास दिल्या. मधेच हात धरून म्हणायचे, "ही पुसून टाक. घाईत मारली." त्यांची चूक ती काय? तर त्यांनी शिकवलं होतं तस्संच, जीव ओतून वाजवलं.

महिनाभरात मालक त्यांना म्हणाले, "मास्तर, पॅडमधी तुमचीच ढोलकी हाय की. तुमी कशाला तरास घेताय ह्या वयात?" मास्तरांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी वायर गुंडाळत होतो. गुंडाळून झालेली वायर सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. मग त्यांनी ढोलकीवर खोळ चढवली आणि गेले.

चार वर्षांनी काकूंचा निरोप आला, तेव्हा कुठे मी त्यांच्या घरी गेलो. मास्तर खाटेवर होते, आवाज पार बसलेला. शिव्या घालतील म्हणून मी मन घट्ट करून गेलो होतो. पण ते एवढंच म्हणाले, "माझा हात काढ त्या मशीनीतनं. मी असा पडलोय आन् त्यो गावभर नाचतोय. बरं वाटत न्हाय." काकू चहा घेऊन तिथेच उभ्या होत्या. मी म्हणालो, "आजच काढतो, मास्तर." शप्पथ घेतली. तोवर गडहिंग्लजपर्यंतच्या पाच-सहा वाजपी पार्ट्यांना मी तो आवाज दिलेला होता, आणि माझंही त्याच्यावाचून चालत नव्हतं. काढला नाही. महिन्याभरात मास्तर गेले.

गेल्या महिन्यात कळंब्यात एक वरात होती. भर दुपारी वाद्यं लादलेली आमची गाडी मास्तरांच्या बोळावरून चालली होती. ढोलकीचा तुकडा आला, मी पॅडवर बोटं टाकली आणि काकू ओले हात तसेच घेऊन दारात आल्या. त्यांनी गाडीकडे पाहिलंच नाही. नुसत्या कान देऊन उभ्या राहिल्या. मग मी दिसलो. माझी बोटं थबकली.

आता सगळ्या वऱ्हाडासमोर माझी लाज काढतील, मी म्हटलं काढू देत. पण त्या गाडीजवळ आल्या आणि वर बघून ओरडल्या, "थांबू नगंस रं! वाजीव!"

मी वाजवलं. कोपऱ्यापर्यंत त्या गाडीच्या कडेला हात ठेवून चालत आल्या.