कारखान्यातले श्रोते

तमाम सोलापूरकरांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, या शहरातला थोर रसिक, म्हणजे मी, स्वतःच्या भाचीच्या गाण्याचा गळा दाबताना सापडला आहे.

भाची स्वतःच गाणी लिहिते, चाल लावते, गाते. पाठीशी कुठली कंपनी नाही. यंदा तिनं पहिलं गाणं एका अ‍ॅपवर टाकलं. ऐकणाऱ्यांचा आकडा मुंगीच्या पावलानं चालला होता, आणि माझ्यातला मामा पेटला. नातेवाइकांचे जुने फोन गोळा केले. आत्या, काकू, अगदी वारलेले मेहुणेसुद्धा, सगळ्यांच्या नावानं खाती उघडली. माझ्या टॉवेलच्या कारखान्यात खिडकीत फोन ओळीनं मांडले आणि तेच गाणं सारखं लावून दिलं. आवाज बंद ठेवणं मला लबाडीचं वाटलं, म्हणून पूर्ण सोडला. यंत्रमाग चालू असताना तिथं शेजारच्याची शिंकही ऐकू येत नाही, हा भाग वेगळा.

आकडा धावू लागला. भाचीनं पेढे आणले. मी दोन खाल्ले, वर तिसरा मागितला.

मग अ‍ॅपनं गाणंच काढून टाकलं. ऐकणारे बनावट आहेत म्हणे. तिचे मोजके खरे श्रोतेही त्यात गेले. पुढचं गाणं घेतील की नाही, ते आता तिच्या खुलाशावर ठरणार होतं.

ती कारखान्यात आली. रडत नव्हती, तेच जड गेलं. आपल्या वाईटावर कोण उठलंय, हे तिला कळत नव्हतं. मी मान खाली घालून खिडकी दाखवली. तिनं ओळीतले फोन एकेक करून पाहिले. मग म्हणाली, "पण मामा, इथल्या लोकांनी खरंच ऐकलं असेल, तर मी खुलाशात तसं लिहीन. तुम्हाला काय आवडलं त्यातलं?"

"पावसाचं कडवं," मी म्हणालो. "लई भारी."

"पाऊस नाहीये त्यात."

तोंड लपवायला जागा नव्हती. शेवटचा आधार म्हणून मी खिडकीखाली बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या मावशींना पुढं केलं. रोज तिथंच बसतात, त्यांनाच विचार, म्हणालो. मावशींनी आधी फोनांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आगं बया, ह्यात गाणं लागत हुतं व्हय? आमी म्हणलं, मालक चार्जिंगला ठिवत्यात!"